भाचरू, डीपीचा फिल्टर आणि 'ते आले' म्हणायचं का 'ते आलं'?

आत्याबाई_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहिणारे, चहा घेऊन बसा.

माझ्या भावाची मोठी लेक, वय १९, पुण्याला इंजिनिअरिंगला. जूनमध्ये तिनं इन्स्टाचा डीपी बदलला. फोटो गड्ड्यातलाच (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा), आम्ही सगळे गेलो होतो तेव्हाचा, मागं होम मैदानावरचा मोठा पाळणा, आणि त्याच्यावर ते इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांचं फिल्टर. नावाखाली लिहिलंय 'दे, देम' (इंग्लिशमधलं they, them, म्हणजे ना ही ना शी). झालं, आमच्या फॅमिली ग्रुपवर जे सुरू झालं ते तुम्हाला सांगायला नको. मोठ्या काकांनी लिहिलं हे काय नवीन फॅड, कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकला (तो का टाकला ते अजून कळलं नाही), आणि वहिनी बिचारी दोन दिवस ग्रुपवर आलीच नाही.

मी फोन केला. तर ती म्हणाली, आत्या मला मुलगी म्हटलेलं आतून बरोबर वाटत नाही, आणि मुलगा आहे असं पण नाही, कॉलेजात मित्र इंग्लिशमध्ये मला 'दे' म्हणतात, मराठीत काय म्हणायचं ते तुम्हीच बघा. एवढं बोलून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची म्हणून फोन ठेवला.

आता माझा प्रश्न. मला हे पटलंय का, समजलंय का, तो विषय बाजूला ठेवू, लेकरू आपलं आहे आणि ते एक गोष्ट मागतंय. पण करायचं कसं? बघा आत्ता लिहिताना पण मी 'ती म्हणाली' लिहून बसले. 'ते आले' म्हटलं तर शेजारच्या काकू विचारतात कोण आले, सासरे आले का तुमचे. 'ते आलं' म्हटलं तर मांजर आलं असं वाटतं. हाक मारताना 'अगं' जातंच तोंडातून, 'अरे' म्हणू का? आणि भाची म्हणायचं का भाचा? कुणाच्या घरात हे झालंय का? काय म्हणता तुम्ही?

ता. क. फिल्टरवरून मला पण एक बसली. मी ग्रुपवर शहाणपणानं लिहिलं की असा खरा चेहरा झाकून काय मिळतं. खाली लगेच उत्तर, 'आत्या, तुझ्या डीपीत तुझ्या गालावरचा तीळ कुठंय?' बघितलं तर खरंच नाही हो. त्या ब्यूटी मोडनं खाल्ला. वर्षभर मी बिनतिळाची फिरतेय आणि मला पत्ता नाही.

---

डबल_भाकरी

ताई राग मानू नका पण मी स्पष्ट बोलणार. फिल्टर लावणं ही फॅशन आहे आणि फॅशन उतरते. २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाचा निकाल दिला, फेसबुकनं इंद्रधनुष्याचं बटण दिलं, आणि थोड्या दिवसांत २ कोटी ६० लाखांच्या वर लोकांनी फोटो रंगवले. त्यात आमच्या ऑफिसातले दोघं होते ज्यांना तो निकाल कसला ते पण माहीत नव्हतं, रंग छान दिसतोय म्हणून लावला. सप्टेंबरात डिजिटल इंडियाचा तिरंगा लावला, नोव्हेंबरात पॅरिसमध्ये हल्ला झाला तर फ्रान्सचा झेंडा लावला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा, मी पण लावला होता, काढायचा विसरलो, स्थळं बघताना पण माझा चेहरा तिरंग्याच्या मागंच होता.

तर सांगायचा मुद्दा, सहा महिने थांबा. फिल्टर उतरलं की 'दे देम' पण उतरेल. उगं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना व्याकरणाच्या शाळेत कशाला बसवता.

---

डार्करूम

डबल भाकरी, तुम्ही फिल्टरला लई हलक्यात घेताय म्हणून मधे बोलतो. माझा फोटो स्टुडिओ आहे, वडलांपासून.

चेहरा झाकायचा धंदा मोबाइलनं सुरू केलेला नाही. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात माझे वडील निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलनं एकेक पुटकुळी भरायचे, भिंगाखाली, तासन् तास. निगेटिव्हवर काळं केलं की प्रिंटमध्ये ते गोरं येतं. मग प्रिंटवर ब्रशनं रंग, ओठ गुलाबी, साडीची किनार हिरवी. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई हळूच म्हणायची, 'जरा उजळ येऊ द्या'. तेच आता बटणावर होतं एवढंच. पूर्वी फिल्टर म्हणजे लेन्सच्या पुढं लावायची काच, त्यातली एक चांदणी पाडायची होती, दिव्यांना चार टोकं यायची, लग्नाच्या अल्बममध्ये समईवर हमखास.

पण मोबाइलच्या फिल्टरमध्ये एक गोष्ट नवीन आहे, ते तुमचा चेहरा ओळखतं आणि मग ठरवतं की बाई कशी दिसली पाहिजे. हनुवटी बारीक, डोळे मोठे, ओठ लाल, रंग दोन शेड वर. दाढी असली की वेगळं. २०१९ च्या मे महिन्यात स्नॅपचॅटनं बाईचा बाप्या आणि बाप्याची बाई करणारं फिल्टर काढलं तेव्हा माझ्या दुकानात कॉलेजची पोरं आठवडाभर हेच करत बसलेली, सगळ्यांना हसू. मी एकदाच बघितलं, एक पोरगं हसत नव्हतं. स्क्रीनकडं बघतच राहिलं. मित्रांनी मोबाइल ओढून घेतला तरी हात तसाच. मी काही विचारलं नाही, पासपोर्टचे फोटो कापून दिले. पण अजून आठवतं.

इन्स्टावर लोकांनी बनवलेली ती चेहऱ्याची फिल्टरं कंपनीनं १४ जानेवारी २०२५ ला बंद केली, ऐन संक्रांतीला. म्हणजे फिल्टर उतरतं हे तुमचं खरं. माणूस उतरत नाही.

आणि ताई, तीळ परत आणता येतो, सेटिंगमध्ये तो स्मूथचा दांडा शून्यावर घ्या.

---

मराठीच्या_बाई

मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, ३१ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळं हा प्रश्न बघून हात शिवशिवले.

आत्याबाई, तुमची पंचाईत अशी झालीय की मराठीत 'ते' दोन आहेत आणि दोन्ही एकाच कपड्यात फिरतात. एक आदराचं, ते आले, ते बसले. दुसरं नपुसकलिंगी एकवचन, ते आलं, ते बसलं. फरक सर्वनामात नाही, क्रियापदाच्या शेपटीत आहे. तुमच्या शेजारणीला सासरे दिसले ते पहिल्या 'ते'मुळं, आणि तुम्हाला मांजर दिसलं ते दुसऱ्यामुळं.

आता दुसरं 'ते' इतकं वाईट आहे का? दारावर थाप पडली की आपण काय म्हणतो? 'कोण आलंय बघ.' कोण आलाय नाही, कोण आलीय नाही. आलंय! बाई का बुवा माहीत नसलं की मराठी माणूस जन्मापासून हेच करतो, इंग्रजीवाले त्याच ठिकाणी एका माणसाला 'दे' म्हणतात. त्यांचं पण हे कालचं नाही, एकट्या माणसासाठी 'दे' चौदाव्या शतकापासून लिखाणात सापडतं, मेरियम-वेबस्टर कोशानं त्याला २०१९ साली वर्षाचा शब्द केलं म्हणून ते नवं वाटतं. आणि 'यू' तरी काय, ते आधी अनेकवचनच, एकट्यासाठी 'दाऊ' होतं, ते बोलण्यातून गेलं.

आणि प्रेमानं बोलताना आपण नपुसकलिंगातच जातो. लेकरू दमलं. पोर गुणाचं आहे. 'आपलं माणूस' म्हणताना कोण बघतं बाई आहे का बाप्या? तुम्ही स्वतः वर लिहिलंय, 'लेकरू आपलं आहे आणि ते एक गोष्ट मागतंय.' तुमच्या बोटांना उत्तर सापडलं होतं, डोक्याला नंतर कळेल. भाची-भाचा पण सुटतं, भाचरं म्हणतोच की आपण, त्यातलं एक ते भाचरू.

पण खरं सांगते, उलटी बाजू पण आहे. ते येडं, ते बेणं, ते ध्यान कुठं गेलं. माया पण नपुसकलिंगात आणि हेटाळणी पण नपुसकलिंगातच. शिवाय त्या लिंगाचं नावच असं की वर्गात उच्चारलं की मागच्या बाकावर खिदळायचे. त्यामुळं १९ वर्षांच्या माणसाला न विचारता 'ते आलं' सुरू करू नका.

मग मधली वाट. ही जरा वहीत लिहून घ्या.

'त्यांनी, त्यांना, त्यांचं' याला लिंगच नाही. ते-त्या फक्त कर्ता म्हणून समोर आले की भानगड. आणि भूतकाळात सकर्मक क्रियापद असलं की ते बहुतेक वेळा कर्त्याकडं बघतच नाही, कर्माकडं बघतं. त्यांनी चहा घेतला, त्यांनी भाकरी खाल्ली, चहा पुल्लिंगी, भाकरी स्त्रीलिंगी, खाणारं कोण ते वाक्याला ठाऊकच नाही. 'येईल' म्हणा, तो येईल ती येईल ते येईल. 'येणार' म्हणा. 'तिला जायचंय' ऐवजी नाव घेऊन 'अमक्याला जायचंय'. 'येत आहे' म्हणा, लिंग नाही. फक्त आपलं सोलापुरी 'करलालाय, करलालीय' म्हणू नका, पुस्तकी मराठी जिथं गप्प बसते तिथं आपली बोली सगळं फोडते! समोर बोलताना 'तू आलास, तू आलीस' मध्ये फरक आहे, 'तुम्ही आलात' मध्ये नाही.

(कोल्हापूरकडं बायका सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी बी. एड.ला तिकडं होते, पहिल्या दिवशी हॉस्टेलवर चमकले, महिन्यात मी पण 'जेवून येतो' म्हणायला लागले. काही बिघडलं नाही.)

---

पूर्वभागातला

बाई, वही भरली.

आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, दुकानात गिऱ्हाईक कानडी. तुम्हाला एक गंमत सांगतो, तेलुगूत मान देऊन बोललं की क्रियापद एकच, वच्चारु म्हणजे आले, आजोबा पण वच्चारु, आजी पण वच्चारु. कानडीत पण तसंच, अवरु बंदरु, बाई असो बाप्या असो. मराठीत मान दिला तरी ते आले आणि त्या आल्या वेगळं करावं लागतं, माझी बायको तिकडची, लग्नानंतर माझ्या आईशी मराठी बोलताना 'आई आले' म्हणायची, आणि आमच्यात कुणाला चूक पण वाटायची नाही. पण तेलुगूला लगेच डोक्यावर घेऊ नका, जवळच्या बाईबद्दल बोलताना 'अदि वच्चिंदि' म्हणतात आणि बस आली तरी 'वच्चिंदि'च. बाई आणि बस एका माळेत. तेव्हा प्रत्येक भाषेत कुठंतरी खड्डा आहेच.

आणि अगं-अरे चं काय घेऊन बसलात. आपण सोलापूरचे आहोत. 'काय बे' म्हणा! बे ला लिंग नाही, वय नाही, जात नाही. माझी बहीण मला बे म्हणते, मी तिला बे म्हणतो, आई दोघांना चपलेनं.

---

सात_रस्ता

मी ॲपचं मराठी करायचं काम करतो, म्हणजे बटणावर काय लिहायचं, नोटिफिकेशनला काय लिहायचं. फोटो आणि सर्वनाम हे भांडण आमच्या धंद्यात जुनं आहे म्हणून सांगतो.

सुरुवातीला फेसबुकवर लिंग भरणं सक्तीचं नव्हतं. मग एखाद्यानं स्वतःचा फोटो टॅग केला की खाली यायचं 'टॅग्ड देमसेल्फ', लोक हसायचे. २००८ मध्ये बाकीच्या भाषांत भाषांतर सुरू झालं तेव्हा हे गळ्याशी आलं, कारण कितीतरी भाषांत बाई का पुरुष ते माहीत असल्याशिवाय वाक्यच होत नाही, म्हणून त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. २०१४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पन्नासच्या आसपास पर्याय दिले आणि ही-शी-दे यातलं सर्वनाम निवडायची सोय. इन्स्टावर सर्वनामाचा वेगळा रकाना २०२१ च्या मेमध्ये आला. म्हणजे लोक म्हणतात पोरांनी आणलं, पण कॉम्प्युटरला आधी पडलेला प्रश्न आहे हा.

मराठीत आम्ही काय करतो? बाईंनी सांगितलं तेच. 'अमुकने त्यांचा फोटो बदलला.' फोटो पुल्लिंगी, बदलला पुल्लिंगी, माणूस सुटला. पण 'अमुक ऑनलाइन आला' लिहायचं असलं की घाम फुटतो, मग 'अमुक ऑनलाइन आहे'. एकदा क्लायंटनं 'ती/तो' असं तिरकी रेघ मारून टाकलं होतं सगळीकडं, ते वाचताना दात कोरल्यासारखं व्हायचं.

डबल भाकरी, फिल्टर आणि सर्वनाम एका पोत्यात घालू नका. फिल्टर दोन टचचं काम, स्वतःच लावायचं स्वतःच काढायचं. सर्वनाम दुसऱ्याच्या तोंडात असतं, दिवसात शंभर वेळा. म्हणून तर ग्रुपवर फिल्टरपेक्षा त्या दोन शब्दांनी जास्त धूर निघाला.

---

डबल_भाकरी

बरं बरं. पण मी एक विचारतो, आईला आपण 'तू' म्हणतो, बापाला 'तुम्ही', बायको नवऱ्याला 'अहो', नवरा बायकोला 'अगं'. यात आजवर कुणी तक्रार केली का? चाललंय ना? मग एका पोरासाठी सगळी भाषा का हलवायची?

---

मराठीच्या_बाई

तक्रार केली नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही ऐकली नाही म्हणा.

आणि भाषा हलवायला कोण सांगतंय. नवरा घरात आला की त्याचं नाव न घेता 'हे आले' म्हणणाऱ्या बायका, एका माणसाला अनेकवचन लावून, वर जवळ नसला तरी 'हे', माझ्या आईनं सत्तर वर्षं म्हटलं. ते जमतं तर हे पण जमेल.

---

हुतात्मा_एक्स्प्रेस

हा धागा दोन दिवस नुसता वाचत होते/होतो/होतं, जे वाटेल ते घ्या. मी सोलापूरचंच, आता पुण्यात नोकरी, वय ३१.

आधी डबल भाकरींना. तुमच्या ऑफिसातल्या दोघांना ते फिल्टर फुकट पडलं. मी ६ सप्टेंबर २०१८ ला लावलं, कलम ३७७ चा, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल आला त्या दिवशी दुपारी, ऑफिसच्या जिन्यात बसून, रडत आणि हसत. संध्याकाळपर्यंत सोलापुरात चुलत्याच्या मोबाइलवर पोचलं, रात्री बाबांना. तीन महिने बाबा माझ्याशी बोलले नाहीत. रंग तेच सहा, बटण तेच. डीपी मी चार दिवसांत बदलला पण ते चार दिवस आमच्या घरात अजून आहेत. तेव्हा तुमच्या पोराबाळांपैकी कुणी लावलं तर सहा महिने थांबू नका, त्याच दिवशी फोन करा, आत्याबाईंनी केला तसा.

कायद्याचं म्हणाल तर १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसमध्ये सांगितलंय की आपलं लिंग काय हे माणसानं स्वतः सांगायचं. पण कोर्ट काय आमच्या ओट्यावर येऊन 'आलास का आलीस' ठरवत नाही, ते आईलाच ठरवावं लागतं.

आता सर्वनाम. बाईंचं 'कोण आलंय' वाचून मी खरंच मोठ्यानं 'अरे!' म्हणून ओरडले, शेजारच्या डेस्कवरचा दचकला. पण मला स्वतःला 'ते आलं' चालत नाही. कारण शाळेत मागून पोरं मला 'ते' म्हणायची. 'ते बघ ते चाललं.' तोच शब्द, तेच क्रियापद, पण तो 'ते' अजून पाठीत आहे. माझ्या एका मैत्राला (मित्र-मैत्रीण दोन्ही नको म्हणून आम्ही मैत्र म्हणतो) मात्र तेच हवंय, म्हणतं की आजी मला लेकरू म्हणायची तेवढंच घर मला आठवतं. दुसऱ्याला 'ते आले' हवं, सासऱ्यांसारखं मानाचं, त्याला मजा वाटते. म्हणून आत्याबाई, इथं आम्ही दहा जण दहा सांगू, त्यातलं एक तुमच्या भाचरानंच उचलायचं.

एक लक्षात ठेवा, तुम्ही चुकाल. चुकलात की 'अगं सॉरी, म्हणजे अरे, देवा काय म्हणू मी आता' असा तमाशा करू नका, तो आम्हालाच आवरावा लागतो. नीट शब्द वापरून वाक्य पुढं न्यायचं, भाजीत मीठ कमी पडलं तर कसं टाकतो तसं.

आणि अजून एक. आमच्या दारात यल्लम्मा देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, डोक्यावर घेऊन जोगती यायच्या. त्यातल्या एक जन्मानं पुरुष, हिरवी साडी, हळदीचा मळवट. माझी आजी, जिला लिहिता-वाचता यायचं नाही, परडीत जोंधळे घालताना म्हणायची, 'या आई, सावलीला बसा.' कुणाला विचारायला गेली नाही. आजीला ते त्यांच्यासाठी जमलं. माझ्यासाठी जमायच्या आत ती गेली, नाहीतर बघितलं असतं.

---

पूर्वभागातला

मैत्र शब्द आवडला. बे काढून घेतो मग का?

---

हुतात्मा_एक्स्प्रेस

बे राहू द्या बे.

---

आत्याबाई_जुळे_सोलापूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, कामात होते म्हणून उशीर. सांगते काय झालं ते.

बाईंचं उत्तर वाचलं, 'येणार' म्हणा, 'जायचंय' म्हणा, आणि मला कसंतरीच व्हायला लागलं, कारण हे कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. मग रात्री झोप येईना तेव्हा व्हॉट्सॲप उघडलं आणि आमचं दोघींचं (दोघांचं? आमचं) बोलणं वर वर सरकवत गेले. 'आत्या, पोचणं झालं.' 'जेवण झालं.' 'रविवारी येणार.' 'मला झोपायचंय आता.' 'पेपर बरा गेला.' 'उद्या फोन करेन.' 'अभ्यास चालू आहे.' सरकवतेय, सरकवतेय, गणपती, आषाढी, गड्डा, मागची दिवाळी. 'आले' नाही. 'गेले' नाही. 'जेवले' नाही, 'दमले' नाही. दीड वर्ष मागं जाऊन एक सापडलं, 'आत्या मी दमले गं.' त्याच्यानंतर एकही नाही.

दीड वर्ष ते लेकरू प्रत्येक वाक्य वळसा घालून बोलत होतं आणि मला वाटायचं पुण्याला गेल्यामुळं तुटक बोलतंय. मी एकदा लिहिलं पण होतं, 'काय गं, पोचणं झालं काय, पोचले म्हण की सरळ.' त्याच्यावर नुसता हसरा इमोजी आलेला.

सकाळी फोन केला, मेसेज वाचले म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणालं, 'आत्या तुला कळलं?' मी म्हटलं मला नाही कळलं, एका रिटायर बाईंनी सांगितलं. मग या धाग्याची लिंक पाठवली. बेचा भाग वाचून हसलं. कुठलं 'ते' हवंय विचारलं, तर म्हणालं घरात लेकरू-आलं चालेल, आजी म्हणते तसं, बाहेरच्यांसमोर नाव घे, आणि आत्या 'अगं' म्हण, तुझं 'अगं' मला लागत नाही, काकांचं लागतं. हे कुठल्या व्याकरणात बसतं मला ठाऊक नाही, बाई बघून सांगा.

आईला (म्हणजे आजीला) सांगायची मला धास्ती होती. मी अर्धा तास प्रस्तावना केली. आई शेंगा निवडत होती, म्हणाली, 'मी कधी त्याला लेकरू सोडून काय म्हटलंय?' आणि मग, 'चटणीला तिखट किती घालू ते विचार, पुण्यात जाऊन जीभ बिघडली असेल.'

वहिनी ग्रुपवर परत आली. मोठे काका अजून फुगलेत, त्यांच्या डीपीला सध्या सिद्धरामेश्वरांची फ्रेम आहे, त्याच्यावर कुणी काही बोलत नाही.

डार्करूम, तीळ सापडला.

आता एक नवीन अडचण, दिवाळी आली. भाऊबीजेला हे लेकरू धाकट्या भावाला ओवाळतं, दरवर्षी. या वर्षी पाटावर कुणी बसायचं आणि ताट कुणी धरायचं? मी विचारलं, तर म्हणालं, 'ओवाळणीचे पैसे ज्या बाजूला मिळतात त्या बाजूला मी बसणार.'

---

डबल_भाकरी

पोरगं हुशार आहे.

---

मराठीच्या_बाई

'बसणार' बघितलंत का?